लॅपटॉपात अडकलेले सासरे

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आख्ख्या गुंद गावात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, प्रज्योत! रामनगरला जाऊन कोर्स केलाय. सर्टिफिकेट भिंतीवर आहे, त्याला वाळवी लागली हा भाग वेगळा. घरामागच्या खोल्यांत मी होमस्टे चालवतो. बंगळूरचे पाहुणे येतात, रेंज नाही म्हणून आनंदानं नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी रेंज नाही म्हणून माझ्याशी भांडून जातात. त्या धंद्यासाठी लॅपटॉप घेतलेला. गावात कुणाचा मोबाईल अडकला, कुणाचा टीव्ही रुसला, की लोक माझ्याकडं येतात. मी बघतो, मान हलवतो, बंद करतो आणि परत चालू करतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाव काय उगीच होतं का?

तर झालं असं. माझे सासरे, रामचंद्रमामा, गेल्या पावसाळ्यात वारले. कुंभारवाडा गावाच्या पुढं रानात त्यांचं घर. अंगानं काटकुळे, बोलणं कमी, आणि फोटोची भयंकर लाज! कुणी मोबाईल वर केला की मामा म्हशीच्या पलीकडं. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं, की भिंतीवर लावायला मामांचा एक फोटो नाही. आधार कार्डावरचा तेवढा होता. पण त्यात ते माझे सासरे आहेत की पोलीस शोधत असलेला कोणी, हे केशरलासुद्धा सांगता येईना. केशर म्हणजे माझी बायको.

"आपल्या लग्नाचा व्हिडिओ हाय की लॅपटॉपात," ती म्हणाली. "त्यात अप्पा असतील. त्यातनं फोटो काढा."

तो व्हिडिओ आम्ही लग्नानंतर एकदाच लावलेला, तोही अर्धा. प्रत्येकानं आपापलं तोंड शोधलं, आपापली साडी शोधली, तेवढ्यात वीज गेली. बाप जिवंत असताना त्याला व्हिडिओत कोण शोधतं? आणि व्हिडिओवाला तर केव्हाच दुकान बंद करून गोव्याला गेला. म्हणजे जे काय होतं ते त्या एका लॅपटॉपात.

"फोटोचं काय घेऊन बसलीस!" मी म्हणालो. "चहा ठेव. चहा उकळेपर्यंत तुझ्या अप्पांना चालतं-बोलतं दाखवतो!"

बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं. खाली ठिपक्यांचं रिंगण फिरायला लागलं. फिरलं, फिरलं आणि थांबलं. थांबलं ते थांबलंच! चहा उकळला, प्यायलो, कप विसळून झाले, ठिपके जाग्यावर.

"झालं का?" केशर.

"होतंय."

"मघाशीपण व्हतच व्हतं."

"अगं, लॅपटॉप आहे तो! भात शिजायला ठेवलाय का?"

"भात असता तर शिजला असता एव्हाना."

मी माझा ठेवणीतला उपाय केला. बंद करून चालू केला. परत ठिपके, परत थांबले. परत बंद, परत चालू. इतकी वर्षं गावात ज्या उपायावर मी ताठ मानेनं फिरलो, तो माझ्याच घरात, माझ्याच बायकोसमोर पडला! काय सांगू तुम्हाला, थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मग इंटरनेटवर बघायचं ठरवलं. आता आमच्याकडं इंटरनेट बघायचं म्हणजे वरच्या वळणावर चढून जायचं. तिथल्या जांभळीखाली, तोंड सुप्याच्या धरणाकडं करून, हात वर केला की रेंजच्या दोन कांड्या येतात. पण लॅपटॉपची बॅटरी मेलेली, तो भिंतीतल्या प्लगशिवाय चालत नाही. म्हणजे उपाय डोंगरावर आणि रोगी घरात! मी वर गेलो. केशर खाली लॅपटॉपपाशी. आणि मधे पायवाटेवर उभा केला झिलूकाका, माझं बोलणं खाली पोचवायला. काकांचा आवाज असा, की त्यांनी परसातनं हाक मारली तर शेजारच्या वाडीतली गुरं घराकडं वळतात.

व्हिडिओतला पोरगा हिंदीत सांगत होता. मी ओरडलो, "बटण दाबून धर म्हणावं! मी सांगीपर्यंत सोडू नको!"

"बटण दाबून धर गे! त्यो सांगीपर्यंत सोडू नको!" काकांनी खाली पोचवलं.

आणि रेंज गेली. मोबाईल इकडं फिरव, तिकडं फिरव. वरनं पाऊस आला. जांभळीखाली बराच वेळ थांबून, चिडून, शिव्या घालत मी खाली आलो, तर ओसरीवर ही गर्दी! केशरनं बटण सोडलंच नव्हतं. तिचं बोट दुखलं म्हणून शेजारच्या सुशीलाकाकीनं धरलं, काकीला गुरांकडं जायचं होतं म्हणून आता माझी आई धरून बसलेली.

"अगं, सोड ते!"

"तू सांगितल्याशिवाय सोडायचं न्हाई म्हणालास न्हवं?" आई म्हणाली. "आता सोडू व्हय? नक्की?"

सोडलं. परत चालू केला. ठिपके आले, फिरले, थांबले. सुशीलाकाकी म्हणाली, "मी धरल्याली तवा जरा जास्त फिरत व्हते." मला त्या क्षणी लॅपटॉप आणि काकी दोघांनाही खळ्यात भिरकावून द्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी जोयड्याला कामाला गेलो. जाताना सगळ्यांना बजावलं, "कुणी हात लावायचा नाही!" संध्याकाळी परत येतो तर टेबलावर लॅपटॉप नाही.

"आई, लॅपटॉप कुठाय?"

"हाय की. वाळाय टाकलाय."

"वाळाय?"

आमच्याकडं पाऊस उतरला की चार महिने काही सुकत नाही. म्हणून चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असते. बियाणं, कोकमाची सोलं, खारी मासळी, ओले मोजेसुद्धा तिच्यावर. खालनं धूर आणि ऊब, वर सगळं खडखडीत. आईनं सरळ निदान केलं होतं, ओल लागली! पावसाळ्यात रेडिओ बंद पडला की माझा आजा हेच करायचा आणि रेडिओ चालायचा, म्हणे. मी वर बघितलं. एका बाजूला बांगडे, दुसऱ्या बाजूला काकडीचं बी, आणि मधोमध माझा लॅपटॉप, आरामात धूर खात पडलेला!

काढला. काळा होता तो तपकिरी झालेला. पडद्याची एक कड ऊब लागून पापडासारखी वळलेली. आणि वास! आता तो चालू झाला असता तरी बंगळूरच्या पाहुण्यांसमोर उघडायची सोय नव्हती.

"आई, काय केलंस हे!"

"मला कशाला बोलतोस? तुला तरी कुठं जमलं?"

केशर लॅपटॉप पुसत बसली. फडक्यानं आधी कडा पुसल्या, मग पडदा. मग हळूच म्हणाली, "अप्पा हायत ना हो आत अजून?" मी म्हणालो, "आहेत. शंभर टक्के आहेत. उद्या रामनगरला नेतो." एवढं बोललो ते चुकलं, कारण ते आईनं ऐकलं.

"नेतोस तर ने. पण कौल घेतल्याबिगर न्हाई! मेलेलं माणूस हाय त्यात."

आमच्या गावात कौलाशिवाय पान हलत नाही. नांगर धरायचा, कौल. सोयरीक जमवायची, कौल. आता लॅपटॉप! सकाळी सगळे देवळात. महाबळेश्वरकाका आमचे पुजारी. त्यांनी देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या, डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. काकांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, हा लॅपटॉप दुरुस्तीसाठनं गावाच्या शिवेभायर न्यायचा हाय. न्यावा तर उजवी दे!"

सगळे टक लावून बसले. केशरचे हात जोडलेले, ओठ हलत होते. कळी पडली. डावी!

"न्हाई म्हणतोय," महाबळेश्वरकाका म्हणाले.

"परत विचारा!"

"त्याच गोष्टीसाठी देवाला परत कोण विचारतं? तुज्या बंगळूरच्या पावण्यांसारखा हाय का त्यो, घासाघीस करायला?"

घरी आलो. केशर कोपऱ्यात बसली. रडली नाही, तेच वाईट. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. तेव्हा माझं डोकं चाललं. आयुष्यात एकदाच चालतं, ते त्या दिवशी चाललं! मी लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले, आणि आतली डिस्क उपसून घेतली. खोबऱ्याच्या वडीएवढी चीज. ती घेऊन तडक महाबळेश्वरकाकांकडं.

"काका, हे काय आहे?"

"काय हाय?"

"हा लॅपटॉप आहे का?"

काकांनी ती उलटसुलट करून बघितली. हुंगूनही बघितली. "न्हाई बा. लॅपटॉप मोठा असतो."

"मग हे शिवेबाहेर न्यायला देवाची काही हरकत?"

काकांनी एकदा देवळाकडं बघितलं. मग म्हणाले, "देवाला लॅपटॉपाचं इचारलं व्हतं. ह्याचं न्हाई. ने. पण माजं नाव सांगू नको."

डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बनियनच्या आत, वरनं रेनकोट. जोयड्याला बस बदलली, रामनगरला उतरलो. ज्या दुकानाच्या माडीवर मी कोर्स केला, त्याच्याच खाली प्रवीणचं दुरुस्तीचं दुकान. त्यानं डिस्क हातात घेतली आणि नाक मुरडलं.

"कशात ठेवली होती रे?"

"तू काम कर."

त्यानं एक केबल लावली. आणि पडद्यावर धडाधड सगळं आलं! होमस्टेचे फोटो, माझे फोटो, माझेच आणखी फोटो, आणि 'लग्न' नावाची फाईल! मी दुकानातच उडी मारली. प्रवीणनं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. परतीच्या बसमध्ये माझी छाती अशी फुगलेली, की कंडक्टर म्हणाला जरा सरकून बसा.

घरात जत्रा! कुंभारवाड्याहून माझी सासू यमुनामामी आणि मेव्हणा अर्जुन आलेले. पाहुण्यांच्या खोलीत मोठा टीव्ही आहे, त्याला पेनड्राइव्ह लावला. केशर सगळ्यांच्या पुढं, रिमोट तिच्या हातात. मी मागं हाताची घडी घालून उभा. म्हणालो, "आता बघा!"

सुरू झालं. हळद. मांडव. केशरच्या मैत्रिणी. मी. वाजंत्रीवाले. मी परत. अप्पा दिसेनात.

"कन्यादानाला असतील," अर्जुन म्हणाला.

"कन्यादान थोरल्या चुलत्यानं केलं," यमुनामामी म्हणाली. "घरातला थोरला त्यो."

"पंगतीत असतील."

पंगत आली. सगळं गाव जेवलं, अप्पा नाहीत. आहेर आले, अप्पा नाहीत. बाप म्हणून कुठं तरी उभा असेल, पागोट्याचं टोक तरी दिसेल, म्हणून केशर एकेक तुकडा मागं घेऊन बघत होती. सुशीलाकाकीनं खूण केली, "त्यो पाठमोरा?" तो आचारी निघाला. मी मागं उभा राहून घामाघूम. एवढं करून आणलं आणि त्यात माणूसच नाही!

"ही लाईट बघा की," केशर एकदम म्हणाली. "ही माझ्याच मागं मागं का फिरते?"

खरंच. मी बोहल्यावर असेन, भटजी बोलत असेल, लाईट केशरवर. ती चालली की लाईट चालायची. ती बसली की लाईट खाली यायची.

यमुनामामीनं डोळ्याला पदर लावला. "आत्ता ध्यानात आलं माज्या. व्हिडिओवाल्याचा माणूस बस चुकून राहिला व्हता. लाईट तुज्या अप्पानं धरल्याली. दिसभर. दुसऱ्याच्या हातात दिली न्हाई. मी जेवा म्हणून बोलवाय गेले, तर म्हणाले, पोरीच्या तोंडावर अंधार पडंल."

व्हिडिओत पाठवणी चालू होती. केशरची मान खाली. आणि कॅमेऱ्याच्या मागनं आवाज आला, बारीक, लाजरा, "केशर, जरा मान वर कर बाई. तोंड दिसंना."

पडद्यावरच्या केशरनं मान वर केली. आणि माझ्यापुढं बसलेल्या केशरनंही केली.

तिचा सगळा चेहरा उजळला. पडद्यावरचा म्हणतोय मी. आणि त्याच वेळी शेजारनं तो दिवटा नवरदेव, गॉगल लावलेला, वैतागून म्हणाला, "ओ मामा, ती लाईट बाजूला घ्या की! माझ्या डोळ्यांत जातीय!"

लाईट बाजूला झाली. केशरचं तोंड अंधारात गेलं.

मामांनी एवढंच ऐकलं माझं, उभ्या लग्नात.

वर्षश्राद्ध फोटोशिवाय झालं. केशर रोज दुपारी तेवढा तुकडा लावते. मान वर कर बाई, म्हणतात. ती वर करते. मग मी बोलतो आणि अंधार होतो. मग ती परत मागं घेते. मी ओसरीवर बसून माझा आवाज ऐकत असतो.

ते माझं एक वाक्य कापून टाकायचं मला येतं हो, खरंच येतं, कोर्सात शिकवलं होतं! पण केशर म्हणते, त्या पेनड्राइव्हला हात लावलात तर याद राखा.