शेजाऱ्यांसाठी विचारलेले प्रश्न

आरोग्य खात्याच्या इमारतीत जन्मनोंदणी आणि मृत्यूनोंदणी या दोन खिडक्यांच्या बरोबर मधोमध गर्दविषयक शंकानिरसनाची खिडकी आहे. जागा कोणी ठरवली ते माहीत नाही, पण विचार करून ठरवली असावी.

त्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे माहितीबाई म्हणत. गर्दबद्दल, म्हणजे हेरॉइनबद्दल, लोक नेहमी विचारतात ते एकवीस प्रश्न त्यांना उत्तरांसकट तोंडपाठ होते. एकदाच घेतली तर सवय लागते का? लागू शकते, आणि कोणाला कितव्या वेळी लागेल हे आधी कळत नाही. मनाचा निर्धार पुरतो का? नाही, हा आजार आहे, त्याला औषधं आहेत. सतरावं उत्तर त्या मान पुढे काढून सांगत : काही आठवडे सोडून पुन्हा पूर्वीइतकीच घेतली, तर शरीराला तेवढी झेपत नाही, श्वास थांबून माणूस जातो.

"बाई, एक विचारायचं होतं," समोरचा गृहस्थ इकडेतिकडे बघत म्हणे. "माझ्या घरचं नाही हं! आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा आहे. सारख्या जांभया देतो, नाक गळतं, अंग दुखतं म्हणतो. आणि आमचे चमचे खालून काळे झालेत."

"तुमचे?"

"त्यांचे हो! त्यांचेच."

माहितीबाई निमूटपणे अर्ज पुढे करत. अर्जात एक रकाना होता : प्रश्न कोणासाठी? स्वतःचे घर की शेजारी. गृहस्थ ठसठशीत खूण करी. शेजारी.

वर्षअखेर खात्याच्या साहेबांनी अर्ज मोजले. सातशे चाळीस. सातशे चाळीसही शेजारी. साहेबांचे डोळे भरून आले.

"बाई, आपल्याकडे एकाही घरात गर्द नाही. जे काय आहे ते शेजारी आहे."

"साहेब, पण प्रत्येक शेजाऱ्याला घर असतंच ना?"

"ते त्याचं त्याने बघावं. आकडे बोलतात."

आकडे बोलल्यावर साहेब गप्प बसणारे नव्हते. 'स्वतःचे घर' हा पर्याय वापराअभावी रद्द झाला. श्वास परत आणणारं इंजेक्शन घेऊन एक गाडी फिरू लागली, तिला हुकूम होता की फक्त शेजारी जावे. गाडीतली सिस्टर पहिलं दार वाजवी. आतून उत्तर येई, "आमच्याकडे नाही, शेजारी बघा." सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत सोळाव्या दाराने पहिल्या दाराकडे बोट दाखवलं, तेव्हा सिस्टरने इमारत निर्मळ असल्याचा शेरा मारला आणि पाय ओढत खाली उतरली.

माहितीबाई या सगळ्याला हसल्या असत्या. पण त्यांच्या घरात धाकटा होता. सख्खा भाऊ, बत्तीस वर्षांचा. कचेरीत त्या सांगत, तो परगावी नोकरीला असतो. नोकरी म्हणजे उपचार केंद्र. सहा आठवड्यांपूर्वी तो तिथून परतला. भरती करताना बाईंनीही अर्जात लिहिलं होतं : शेजारी. पत्ता समोरच्या मावशींचा. त्यामुळे केंद्रातून चौकशीचे फोन मावशींना येत, "आता ओढावंसं वाटतं का?" मावशी संतापून फोन आपटत.

एका सकाळी बाई कचेरीला निघाल्या होत्या. धाकटा न्हाणीघरात होता.

"धाकट्या, किती वेळ?"

"आलोच ताई."

तेवढ्यात दार वाजलं. गाडीवाली सिस्टर.

"तुमच्याकडे कोणी गर्द घेतं का?"

"छे हो," जन्माच्या सवयीने बाई म्हणाल्या, "शेजारी विचारा."

सिस्टर वळली. आत बादली पडली, आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. बाईंनी हाक मारली. आतून उत्तर नाही. सिस्टर तीन पायऱ्या उतरली होती आणि बाईंच्या कानात स्वतःचाच आवाज सतरावं उत्तर म्हणत होता.

"सिस्टर! माझा भाऊ आहे हो! माझाच!"

दोघींनी खांद्यांनी दार फोडलं. ओठ निळे, घशात घरघर. सिस्टरने आधी इंजेक्शन टोचलं, तोंडाने श्वास दिला, मग ड्रायव्हरला हाक मारली. थोड्या वेळाने धाकट्याने डोळे उघडले आणि चिडून विचारलं, "ताई, ही कोण?"

बाई रडता रडता हसल्या. "शेजारची नाही, एवढं नक्की."

"दवाखान्यात न्यावं लागेल," सिस्टर म्हणाली. "इंजेक्शनचा असर ओसरला की श्वास पुन्हा अडकू शकतो. नातं काय लिहू?"

"सख्खा भाऊ."

सिस्टरने हातातलं नोंदणीचं यंत्र तीनदा दाबलं. "घेत नाही. शेजारी एवढंच घेतं."

"मग लिहा शेजारी, पण गाडी हलवा!"

साहेबांच्या अहवालात तो सातशे एक्केचाळीसावा शेजारी ठरला.

धाकट्याला जिन्यावरून उतरवताना समोरचं दार बोटभर उघडलं. मावशींनी सिस्टरचा पदर धरावा तशी बाही धरली आणि कुजबुजल्या, "अहो, ते इंजेक्शन आणखी एक मिळेल का? आमच्यासाठी नाही हं. शेजाऱ्यांसाठी."

आत, त्यांच्या न्हाणीघरात, कोणीतरी नळ सोडून ठेवला होता.

तुम्ही ही गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत, तीही अर्थात शेजाऱ्यांसाठीच. काळजी नसावी. तुमच्या शेजाऱ्यांनीही ती तुमच्यासाठी वाचून ठेवली आहे.