मुंगळ्याची ओळ

सूनबाईने जेवणाच्या टेबलावर चित्र वाळत ठेवलं आणि अख्ख्या घरावर जमिनीवर बसून जेवायची वेळ आणली. टेबलभर पसरलेला जाड कागद. एका अंगाला आभाळ फाटावं तशी निळी शाई, बाकी सगळा कोरा. महिनाभर खपून केलेलं ते चित्र न्यायला प्रदर्शनवाले संध्याकाळी यायचे होते.

"आबा, पंखा लावू नका आणि जवळ जाऊ नका. निळं अजून ओलं आहे," असं सासऱ्यांना बजावून ती चौकटवाल्याकडे गेली.

"अर्धा कागद कोराच की! शाई संपली वाटतं हिची," आबा माईंना म्हणाले आणि लांबूनच मान तिरकी करून बघू लागले. बघता बघता त्यांचा चेहरा पडला. निळ्यातून एक मुंगळा बाहेर आला होता आणि कोऱ्या कागदावर केसासारखी बारीक ओळ ओढत निघाला होता.

"अगं, धावत ये! याने चित्र काढायला घेतलंय!"

"चिमटीत धरा ना मग."

"बोटाचा डाग पडला म्हणजे?"

माई स्वयंपाकघरातून साखर घेऊन आल्या.

"ती आधी आत ने! एकाला आवरता येईना, त्याचं सगळं खानदान बोलावतेस?"

आबांनी पोस्टकार्ड आडवं धरलं. मुंगळ्याने त्याला वळसा घातला. दुसऱ्या बाजूने धरलं, तर तिकडूनही वळसा. ओळीला दोन डौलदार वळणं मिळाली आणि आबांना घाम फुटला. मग कागदाच्या ऐन मध्यावर येऊन मुंगळा थांबला. मिशा साफ करू लागला.

दोघंही नाक कागदाला लागेल इतके वाकले. आबांनी चित्र असं कधी पाहिलंच नव्हतं. निळं नुसतं निळं नव्हतं. कडेला ते कागदात झिरपत गेलं होतं, आत कुठे काळं, कुठे धुरकट. आणि कोरा भाग? एवढ्याशा मुंगळ्याभोवती तो केवढा अफाट दिसत होता! आबांना उगीचच उघड्या माळावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"अहो," माई कुजबुजल्या, "हे रिकामं नाही हो."

तेवढ्यात फोन वाजला. प्रदर्शनवाले निघाले होते. आबांचा धीर सुटला. त्यांनी गाल फुगवले आणि फूऽऽ केलं. मुंगळा जो उधळला तो वेडावाकडा धावत कागदावरून पार टेबलाखाली.

सूनबाई आली तेव्हा दोघंही भिंतीला टेकून उभे होते. "मुंगळा गेला गं त्यावरून. आम्ही हातसुद्धा लावला नाही," आबा म्हणाले.

ती खाली वाकून कागदावर हवेतच बोट फिरवू लागली. "इथपर्यंत स्वारी मजेत चालली आहे. इथे कुणीतरी अडवलं. इथेही. मग हा थांबला, अगदी स्वस्थ." बोट पुढे सरकलं. "आणि इथून जीव घेऊन पळाला. फुंकर कुणी मारली, आबा?"

आबांच्या अंगावर काटा आला. माईंनी पदर तोंडाला लावला.

सूनबाईने रुंद कुंचला शाईत बुडवला. "अगं, नको!" आबा ओरडले, पण एका दमात तिने पळापळीच्या वेड्यावाकड्या ओळीवरून निळं फिरवलंसुद्धा. मुंगळा थांबला होता तिथे ओळ आता थांबली. दोन्हीकडे निळं, मध्ये तेवढा माळ, आणि माळावर कुणीतरी एकटंच चालत येऊन उभं राहिलेलं.

प्रदर्शनवाले आले, चष्मा सावरत टेबलावर वाकले आणि म्हणाले, "वा! ही ओळ नेमकी इथेच कशी..."

"हळू!" आबांनी त्यांचा खांदा धरून मागे ओढलं. "बघा, हवं तेवढं बघा. पण श्वास जरा तिकडे सोडा."