बंद न पडणारं ऑफिस

"ओढू?" मालकांनी विचारलं.

"ओढा," घड्याळावर डोळे लावून मालकीणबाई म्हणाल्या.

मालकांनी भिंतीवरच्या डब्यातून इंटरनेटची वायर खसकन ओढली. आठ सेकंदांत दुसऱ्या कंपनीचं नेट आपोआप सुरू झालं. फोनवर बसलेल्या दोन्ही ताई काही झालंच नाही अशा बोलत राहिल्या. त्यांना सवय झाली होती. गेले पंधरा दिवस रोज सकाळी ही तालीम चालली होती.

हे ऑफिस डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेऊन द्यायचं काम करत असे. पेशंट फोन लावायचा दवाखान्याला आणि तो वाजायचा इथे, तोही इंटरनेटवरून. म्हणजे नेट गेलं की ऑफिस ठार बहिरं. गेल्या दोन महिन्यांत ते तीनदा बहिरं झालं आणि अकरांपैकी चार डॉक्टर सोडून गेले. आता एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळालं तरच ऑफिस टिकणार होतं, नाहीतर महिनाअखेरीला दाराला कुलूप. हॉस्पिटलची अट एकच होती: काही झालं तरी नेट एका मिनिटाच्या वर बंद राहता कामा नये. हे तपासायला हॉस्पिटलचे साहेब आज अकरा वाजता येणार होते, आणि वायर ते स्वतःच्या हाताने ओढून बघणार होते.

"झकास!" म्हणत मालकांनी वायर परत डब्यात खोचली. डब्यावर लाल दिवा लागला. रोज तिथे हिरवा लागायचा. मालकांनी वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. दिवा लालच. मग त्यांनी कंपनीला फोन करायचं ठरवलं, पण ऑफिस तळमजल्यावर मागच्या अंगाला असल्यामुळे नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलला आत रेंज मिळत नसे. मालक पळत रस्त्यावर गेले.

"तुम्ही वायर ओढत होतात का?" कंपनीतल्या बाईंनी विचारलं.

"रोज. तपासायला नको?"

"सर, ती वायर नसते. आत काचेचा धागा असतो. रोज ओढलात तर तुटणारच."

"मग जोडायला माणूस पाठवा ना!"

"उद्या येईल, सर. नऊ ते सहाच्या मध्ये."

मालक परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मालकीणबाईंनी मात्र धीर दिला. "अहो, दुसरं नेट चालू आहे ना? साहेब पहिली वायर ओढतील. ती मेलेलीच आहे. काही बंद पडणार नाही. उलट बरंच झालं!"

"आणि त्यांनी दुसरी ओढली तर?"

"दुसरी कशाला ओढतील? असं अभद्र बोलू नका."

एवढ्यात दारात दुसऱ्या कंपनीचा माणूस उभा राहिला. खांद्याला पिशवी, हातात नवं खोकं. "मॅडमनी बोलावलं होतं. तपासून जा म्हणाल्या."

मालकांनी बायकोकडे बघितलं.

"परवाच फोन केला होता," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हटलं, आयत्या वेळी दगा नको."

"अगं, चालू आहे ते! चालू असलेलं कोणी तपासतं का?"

"तुम्ही रोज काय करत होतात मग?"

नवरा-बायकोचं हे संभाषण पुढे सरकायच्या आत त्या माणसाने आपलं काम उरकलं होतं. जुनं मशीन उतरवून त्याने नवं भिंतीला लावलं. "जुनं फार तापत होतं. हे एकदम लेटेस्ट आहे," तो कौतुकाने म्हणाला.

"चालू झालं?"

"होईल की. वरून चालू करतात. चोवीस तास लागतात."

"जुनं लावा परत!" मालक ओरडले.

"ते आता नाही चालणार. त्याचा नंबर मी बंद केला." त्याने मालकांची सही घेतली, सेवा कशी वाटली, पाचपैकी किती गुण द्याल ते सांगा म्हणाला आणि मालकांचा चेहरा बघून उत्तराची वाट न बघता निघून गेला. दोन्ही ताई कानावरची यंत्रं काढून हातावर हात ठेवून बसल्या. अकराला वीस मिनिटं कमी होती.

खिडकीशी मालकांची आत्या लोकर विणत बसली होती. घरी करमत नाही म्हणून ती रोज ऑफिसात येऊन बसायची. मधूनमधून फोनवर विणकामाचे व्हिडिओ बघायची. आत्ताही बघत होती.

मालक थबकले. "आत्या, तुझं नेट चालू आहे?"

"न चालायला काय झालं? माझं सिम वेगळ्या कंपनीचं आहे, खिडकीत धरला की चांगलं चालतं."

पुढच्या पंधरा मिनिटांत आत्याचा फोन चार्जरसकट खिडकीच्या गजाला लोकरीने बांधला गेला. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्या एका फोनला जोडले गेले आणि बंद पडलेले कॉल वाजू लागले. मालकांनी आत्याला हात जोडले. "आता तासभर या फोनला हात लावू नकोस. कोणाचा कॉल आला की नेट तुटतं."

"मी नाही लावत हात. पण फोन करणाऱ्याला कोण सांगणार?" आत्या म्हणाली.

साहेब अकराच्या ठोक्याला आले. उंच, वाळके, हातात छापील कागद आणि गळ्यात स्टॉपवॉच. डब्याकडे बघून म्हणाले, "हा दिवा लाल का?"

"चालू असल्याचा आहे," मालक म्हणाले. आयुष्यात इतकं खोटं ते पहिल्यांदाच बोलले होते.

साहेबांनी पहिली वायर ओढली. ताई बोलतच होत्या. साहेबांनी मान डोलावली, कागदावर खूण केली आणि दुसऱ्या वायरला हात घातला. मालकीणबाईंनी डोळे मिटले. वायर निघाली. ताई बोलतच होत्या.

साहेबांची भुवई वर चढली. "दोन्ही काढल्या मी. मग हे चालतंय कशावर?"

"तिसरं आहे," मालक पुटपुटले, आणि त्याच क्षणी खिडकीतला फोन खणखणला. दोन्ही ताई एकदम म्हणाल्या, "हॅलो? हॅलो?" साहेबांनी स्टॉपवॉच दाबलं.

"माझी धाकटी बहीण आहे," आत्या उठत म्हणाली.

"आत्या, नको! वाजू दे!"

"ती थांबणार नाही, छोटू. मी उचलेपर्यंत लावत राहते. नाही उचलला तर तिला वाटतं मी गेले."

फोन वाजून बंद झाला आणि लगेच परत वाजला. "पस्तीस," साहेब म्हणाले. आत्याने पुढे होऊन गजाला बांधलेल्या फोनलाच कान लावला. "अगं, जिवंत आहे मी! ऑफिसात आहे. नाही, बोलता येणार नाही. मी इथलं नेट आहे. ठेव!"

मग एका ताईंचा आवाज आला, "हां, बोला काका, दातच ना?"

"सत्तावन्न," साहेब म्हणाले.

मालकांच्याने आता राहवेना. तुटलेला काचेचा धागा, नवं मशीन, लाल दिवा, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. वर म्हणाले, "तुम्ही काम दिलं नाहीत तरी आता मला काही वाटणार नाही. सकाळपासून जीव नकोसा झालाय."

साहेबांनी छापील कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "इथे एक मिनिट लिहिलंय. तुमचं सत्तावन्न सेकंद झालं. दोन्ही लाइनी मेलेल्या असताना. कागदात बसतंय," ते म्हणाले. "त्या नेटमागे कोण बसलंय, ते कागदात विचारलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी कराराचा मसुदा आला. मालकीणबाईंनी पेढीवरच्या भागीदारासारखा तो दोनदा वाचला आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफिस वाचलं होतं. फक्त एक कलम होतं: तिन्ही कनेक्शनं तपासणीच्या दिवशी होती तशीच, त्याच जागी, नऊ ते सहा चालू ठेवावीत, आणि तिसऱ्यावर बाहेरचे कॉल घेऊ नयेत.

आत्याने चष्मा लावला. "हे मला मान्य नाही."

"आत्या, सही मला करायची आहे."

"फोन कोणाचा आहे?"

मालकांनी दुसरा फोन आणून खिडकीत बांधू म्हटलं. साहेबांनी कळवलं की तपासणी या फोनची झाली आहे, बदल करायचा तर पुन्हा पहिल्यापासून तपासणी. वायरी ओढण्यासकट. हे ऐकल्यावर मालक आत्यासमोर मुकाट्याने खुर्ची ओढून बसले आणि तिच्या अटी लिहून घेऊ लागले. खुर्चीला गादी लगेच मान्य झाली. धाकटीचं मात्र आत्या काही केल्या सोडेना. शेवटी मालक स्वतः हॉस्पिटलात जाऊन साहेबांसमोर तासभर बसले.

पक्क्या करारात, पान सातवर, आता एक ओळ जास्त आहे: 'रोज दुपारी चार ते साडेचार या वेळेत तिसरे कनेक्शन नियोजित देखभालीसाठी बंद राहील.' खाली साहेबांची सही आहे, मालकांची आहे, आणि दोघांच्या सह्यांपेक्षा मोठी अशी आत्याची आहे.