झोपलेल्या कंपनीची वार्षिक सभा

एका जंगलात, जिथं वाघालासुद्धा डरकाळी फोडण्याआधी अर्ज करावा लागे, झिपरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. स्वभावानं गरीब. झोपेच्या बाबतीत मात्र गर्भश्रीमंत.

हसू नका, मुलांनो. झिपरोबासुद्धा एकदा कामाला लागला होता. त्या वर्षी जंगलात कंपन्यांची साथच आली होती. सशांनी गवताची काढली. रानडुकरांनी चिखलाची काढली. झिपरोबाची बायको भुरी म्हणाली, "अहो, तुम्हीही काहीतरी काढा. निदान नावापुरतं."

झिपरोबानं नावापुरतीच काढली. एकट्याला कंपनी काढायची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या सायाळबाईंना भागीदार केलं. मध विकायचं ठरलं. गुहेच्या तोंडावर पाटी लागली: 'झिपरोबा आणि मंडळी मर्यादित'.

सायाळबाईंनी पाटी वाचली. मग परत वाचली.

"यात मी कुठं आहे?"

"तुम्ही म्हणजेच मंडळी!" झिपरोबा कौतुकानं म्हणाला.

सायाळबाईंचे काटे उभे राहिले. त्या घरी गेल्या त्या गेल्याच. तिकडे मधमाश्यांनीही मध द्यायला साफ नकार दिला. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

अशी ती कंपनी पहिल्याच दिवशी झोपली. पाठोपाठ झिपरोबाही झोपला. त्याला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. काही पावसाळे गेले, भुरीला दोन पिल्लं झाली, आणि एका सकाळी नोंदणी कचेरीचा चपराशी कावळा गुहेपाशी येऊन ओरडला, "कंपनीचं वार्षिक विवरण आलेलं नाही. पुनवेच्या आत भरा, नाहीतर गुहेला सील लागेल!"

"गुहेला? गुहेनं काय केलं?"

"कंपनीचा नोंदलेला पत्ता हाच आहे."

"अहो, पण कंपनीनं काहीच केलेलं नाही!"

"मग तसं कळवायचं होतंत," असं म्हणून कावळा उडाला.

भुरीनं पिल्लांना पोटाशी ओढलं. "अहो, यांना घेऊन मी कुठं जाऊ?" ती ओरडली असती, तर झिपरोबा कूस बदलून पुन्हा झोपला असता. ती हळू बोलली. त्यामुळे त्याची झोप उडाली.

तळ्याकाठी नोंदणी अधिकारी बगळेसाहेब उभे होते. सकाळपासून ते हलले नव्हते, पण ते नोकरीत असल्यामुळे त्याला काम म्हणत.

"साहेब, माझी कंपनी झोपली आहे," झिपरोबा म्हणाला.

"झोपू द्या की. झोपायला बंदी नाही. फक्त दर वर्षी उठून सांगायचं, की आपण झोपलो आहोत."

"उठल्यावर झोपलोय असं कसं सांगायचं?"

"ठरलेल्या नमुन्यात. सोबत दोन्ही संचालकांच्या सभेचा ठराव. आणि घुबडाकडून तपासलेला हिशेब."

"हिशेब शून्य आहे, साहेब."

"ते शून्य बरोबर आलंय का, हे बघायला नको?"

घुबडानं शून्य तपासलं. उलटंसुलटं करून पाहिलं. शून्यच निघालं. या श्रमाबद्दल झिपरोबाला दिवसभर त्याच्यासाठी बेडूक पकडावे लागले.

मग राहिली सभा. झिपरोबा सायाळबाईंच्या बिळापाशी गेला. "सायाळबाई, सभा आहे हो आपली."

आतून आवाज आला, "मंडळी घरी नाहीत."

झिपरोबा तिथंच बसला. ऊन चढलं, उतरलं. तो जेवला नाही. आणि मुलांनो, तो झोपलाही नाही. शेवटी म्हणाला, "सायाळबाई, माझी पिल्लं लहान आहेत हो. पाटी लिहिताना तुमचा विचारच केला नाही मी. चुकलंच माझं."

 बिळात काट्यांचा खुळखुळाट झाला.

"सभा कुठं आहे?"

सभा जांभळाच्या झाडाखाली झाली. कंपनीनं काहीही केलेलं नाही, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. झिपरोबाला इतकं बरं वाटलं, की त्यानं आपणहून दुसरा ठराव मांडला. यापुढे नाव 'सायाळबाई आणि झिपरोबा मर्यादित'. सायाळबाईंनी घाईघाईनं अनुमोदन दिलं. भुरीनं सगळ्यांना मोहाची फुलं वाढली.

बगळेसाहेबांनी कागद पाहिले. गुहेचं सील टळलं. दोघं निघणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा. नाव बदललंत?"

"हो!" सायाळबाई अभिमानानं म्हणाल्या.

"मग काहीच केलं नाही, असं कसं लिहिलंत? नाव बदलणं म्हणजे काम. तुमची कंपनी जागी झाली."

झिपरोबानं हात जोडले. "साहेब, मग बंदच करून टाका."

"जागी कंपनी बंद होत नसते. आधी तिला दोन वर्षं नीट झोपवा. दर वर्षी सभा घ्या, कळवा, मग या."

त्या दिवसापासून दोघं जिवापाड काहीच करेनात. एकदा वाटेत मधाचं पडलेलं पोळं दिसलं. झिपरोबानं पंजा पुढं केला, तशा सायाळबाई किंचाळल्या, "हात लावू नका! व्यवहार होईल!"

सभा मात्र वेळेवर होई. ठराव चुटकीसरशी मंजूर व्हायचा. मग झिपरोबाची गुडघेदुखी निघायची, सायाळबाईंच्या गळणाऱ्या काट्यांची चर्चा व्हायची. पिल्लं अंगाखांद्यावर चढायची, सायाळबाईंना तेवढं सोडून. अंधार पडला तरी कुणी उठत नसे.

दोन वर्षं भरली. बगळेसाहेब म्हणाले, "शाबास. आता अर्ज द्या. कंपनी कायमची मिटवतो."

झिपरोबानं सायाळबाईंकडे पाहिलं. त्या तळ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे पुढच्या वर्षी सभा नाही?" त्यानं विचारलं.

"कशाची सभा? कंपनीच नाही, तर सभा कशी?"

झिपरोबानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "राहू द्या, साहेब. झोपली आहे बिचारी. कशाला उगीच मारता?"

"दर वर्षी विवरण भरावं लागेल!"

"भरू," सायाळबाई म्हणाल्या. आणि परतीच्या वाटेवर दोघांनी पुढच्या सभेची तारीख ठरवून टाकली.

तात्पर्य: मुलांनो, काम करणाऱ्याला निदान केलेलं काम दाखवता येतं. काहीच न करणाऱ्याची मात्र पुरावे जमवता जमवता कंबर मोडते. म्हणून आळशी व्हायचं असेल, तर आधी अंगाला मेहनतीची सवय लावा. आणि कुणाशी मैत्री टिकवायची असेल, तर त्याच्याबरोबर एखादी न चालणारी कंपनी काढा. प्रेमापोटी येईल न येईल, दंडाच्या भीतीनं तो वर्षातून एकदा नक्की भेटेल.