शंभर वर्षे टिकणारी विहीर

विहीर अभिलेख कक्षाचे वरिष्ठ लिपिक अनंतराव यांच्या कपाटात जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरी बंदिस्त होत्या. २००६ साली पाऊस बरा झाला, तेव्हा प्रत्येक भरल्या विहिरीचा फोटो काढून चकचकीत डिस्कवर चढवण्यात आला होता. डिस्कच्या पाकिटावर 'आयुष्य शंभर वर्षे' असे छापलेले होते. ते वाक्य परिपत्रकातही जसेच्या तसे उतरले, आणि छापील गोष्टीवर अनंतरावांचा गाढ विश्वास होता.

२०१२चा श्रावण कोरडा गेला. नियम निघाला की विहीर आटल्याचे सिद्ध करायला आजच्या फोटोशेजारी भरल्या विहिरीचा मूळ फोटो लावावा, मगच टँकर मिळेल. सोयगावकडच्या एका वाडीच्या सरपंच आशाबाई आजचा फोटो घेऊन आल्या. अनंतरावांनी त्यांच्या वाडीची डिस्क लावली. संगणक बराच वेळ घरघरला आणि आत काहीच नाही म्हणून मोकळा झाला.

अनंतरावांनी डिस्क काढून उजेडात धरली; चकचकीत बाजूवर ओरखडे होते. दर दसऱ्याला शिक्के आणि पंचिंग मशीन यांच्या पूजेत ते डिस्कनाही हळद-कुंकू वाहत. तेही चकचकीत बाजूला, कारण तोंड तिकडेच असणार. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने घासून पुसत. वरिष्ठांना पाठवलेल्या टिपणीत ही बाब त्यांनी घेतली नाही.

वरिष्ठांचे उत्तर आठवड्याने आले. डिस्कचे आयुष्य शंभर वर्षे असल्याने ती २१०६ पूर्वी खराब होऊ शकत नाही. सबब सदर विहिरीत पाणी कधी नव्हतेच, आणि नसलेले पाणी आटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि खबरदारी म्हणून सर्व डिस्क थंडाव्यात ठेवाव्यात. एसीला मंजुरी नव्हती, म्हणून चार कूलर आले. कूलरना पाणी हवे, म्हणून रोज एक टँकर मंजूर झाला. त्याला फोटो लागला नाही.

आशाबाई पुन्हा आल्या, तेव्हा कार्यालयाच्या दारात टँकर रिकामा होत होता. पलीकडे नव्या टॉवरवर पोहण्याच्या तलावाची जाहिरात झळकत होती. त्यांनी दोन्हींकडे नीट पाहिले.

"सायेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या वाडीतल्या मानसांच्या बी डिस्का करून ठिवा. मंग तरी पाणी मिळंल."

अनंतराव ओशाळले. माणूस वाईट नव्हता. घरी जुना कागदी फोटो असेल तर बघा, असे त्यांनी सुचवले. चौथ्या दिवशी आशाबाईंनी पदराखालून एक फोटो काढला. काठोकाठ भरलेली विहीर, आणि कठड्यावर बसून हसणारा त्यांचा नवरा. तो गेल्याला अकरा वर्षे झाली होती, आणि घरात त्याचा हा एकच फोटो होता. कागद पिवळा पडला होता, पण हसू स्पष्ट दिसत होते.

कागद टिकत नाही, सबब डिस्क करावी आणि मूळ प्रत नष्ट करावी, असा नियम होता. अनंतरावांनी गुलमंडीतल्या दुकानातून डिस्क करून आणली. ते फोटो कागद कापणाऱ्या कात्रणयंत्रात घालत असताना आशाबाईंचा हात थोडा पुढे आला.

"त्यो ह्यात ऱ्हाईल ना सायेब?"

"शंभर वर्षं," अनंतराव म्हणाले. टँकर सुरू झाला. दर तीन महिन्यांनी डिस्क तपासून त्याची मुदत वाढवायची होती.

मध्ये दसरा आला. या खेपेला अनुभवाने शहाणे झालेल्या अनंतरावांनी आशाबाईंच्या डिस्कच्या चकचकीत बाजूला बोटही लावले नाही. कुंकू त्यांनी पाठीवर वाहिले. मग ते नीट वाळावे म्हणून डिस्क खिडकीच्या काचेला टेकवून ठेवली आणि सणाची सुट्टी घेतली. चकचकीत बाजू बाहेर होती आणि खिडकी पश्चिमेची. ऑक्टोबरचे ऊन चार दिवस तिच्यावर पडत होते. 'उन्हात ठेवू नये' हेही पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले होते, पण ते परिपत्रकात उतरले नव्हते.

अनंतरावांना हसून झाले असेल, तर टीव्हीखालचा खण उघडा. आईवडिलांचे फोटो डिस्कवर चढवून अल्बम रद्दीत घातलात, त्याला किती वर्षे झाली? ती डिस्क एकदा लावून बघा. नाहीतर राहू द्या, न लावलेलीच बरी.