शिवेच्या अलीकडचे मल्लप्पाअण्णा

मल्लप्पाअण्णा खोकल्याचं औषध घ्यायच्या आधी बाटली मला वाचायला देतात. सप्तापूरला ते माझ्या शेजारच्याच खोलीत राहतात. बारीक अक्षरांत कुठे अल्कोहोल निघालं, की बाटली जिन्यावर आणि अण्णा खोकत घरात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते तेव्हा स्पिरिटचा दिवासुद्धा चिमट्यानं उचलायचे. होमिओपॅथीची गोळी दिली तर हुंगून परत करतात. "आमच्या ऊरात चालत नाही, अक्का."

ऊर म्हणजे त्यांचं गाव, इथून तासाभरावर. तिथं पिढ्यान्‌पिढ्या कुणी दारूला शिवलेलं नाही. लग्नात नाही, जत्रेत नाही. गावदेवीला दिलेला शब्द. प्यायलेल्या माणसाला म्हणे गावाची वाटच सापडत नाही, तो ज्वारीतून फिरत राहतो. मी हसले. अण्णा हसले नाहीत.

यंदा संक्रांतीनंतर म्हणाले, "स्कूटरवरून गावापर्यंत सोडता काय?"

भर दुपारी पोचलो. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेली ज्वारी, वारा अजिबात नाही. शिवेच्या दगडाशी अण्णा उतरले आणि अलीकडेच बसले. समोर घरं दिसत होती.

"आत नाही जायचं?"

"तम्मा अजून आला नाही."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, इराप्पा. हुबळीत मित्राच्या लग्नात त्यानं एकदाच घेतली. परतला तेव्हा याच दगडाशी अण्णांनी त्याला अडवलं.

"उद्या अंघोळ करून, देवीची माफी मागून ये म्हटलं. सगळा गाव बघत होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ज्वारीत शिरला."

त्याला बावीस वर्षं झाली. पोलीस झाले, पाहुणेरावळे झाले, इराप्पा कुठंच सापडला नाही. तेव्हापासून अण्णांनीही शीव ओलांडलेली नाही.

त्यांनी डबा उघडला, एक भाकरी बाजूला काढली आणि ज्वारीकडे तोंड करून हाक मारली, "तम्मा, ऊट आतेन?" जेवलास का?

आतली एक ओळ हलली. एकच. सळसळ आमच्या दिशेनं सरकत आली आणि बांधाशी थांबली. कुत्रं असेल, डुक्कर असेल, मी मनाला सांगत होते. पण हलत होती ती वरची कणसं.

अण्णा जरा सरकले. शेजारी टॉवेल अंथरला.

"ये रे," ते अगदी हळू म्हणाले. "आत नको जायला. मी पण इथंच आहे."