शाल्मलीबाईंच्या एकपानी रेझ्युमेची हकीकत

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि जी गेली असता कागद छापून निघत नाही त्या विजेसही वंदन करून वृत्त लिहिले जाते ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही, शाल्मलीबाई म्हणून एका घरच्या सूनबाई होत्या. त्या महाविद्यालयाच्या शेवटल्या वर्षात शिकत होत्या, आणि त्यांस दोन वर्षांची कन्या चिन्मयी होती, आणि पती हेरंबराव होते, आणि या सर्वांवर सासूबाई सुलभाबाई यांचे छत्र होते. सुलभाबाईंचा डब्यांचा कारखाना होता. सकाळी चूल पेटे आणि दुपारी शहरभर डबे रवाना होत, आणि मुदपाकखान्यात त्यांच्या शब्दाबाहेर मोहरीही तडतडत नसे. कन्येच्या वेळी शाल्मलीबाईंनी शिक्षण सोडिले होते आणि दोन वर्षे घरी राहून मग पुन्हा वर्गात जाऊन बसल्या होत्या, तेव्हा सुलभाबाईंनी आज्ञा केली होती जे, "शीक बाई, मी अडवत नाही. पण या वर्षी कुठे लागलीस तर लागलीस. नाहीतर डिग्री फ्रेम करून भिंतीवर आणि तू पोळ्यांवर." शाल्मलीबाईंस पोळ्यांचा तिटकारा नव्हता. त्यांनी धसका घेतला तो त्या फ्रेमेचा.

मग नोकऱ्यांचा हंगाम सुरू जाहला, आणि शाल्मलीबाई जिथे जिथे कागद पाठवीत तेथील मुत्सद्दी त्यातील दोन वर्षांची रिकामी जागा पाहून तो न वाचताच बाजूस सारीत, आणि शेवटी एकच दरबार उरला, तो औषधभांडाराचा. तेथून खेडोपाडीच्या दवाखान्यांस औषधे जात, आणि रवानगीच्या कामी एक उमेदवार पाहिजे, त्याने एकपानी रेझ्युमे घेऊन समक्ष हजर व्हावे, ऐसा जाहीरनामा लागला होता. हे वर्तमान घेऊन बाई प्लेसमेंटचे अधिकारी खोचरे सर यांजकडे गेल्या. सरांपाशी एका जुन्या विद्यार्थ्याचा कागद होता. तो विद्यार्थी त्या कागदाच्या बळावर परमुलखी मोठ्या पगारावर रुजू जाहला होता, म्हणून सरांनी तो कागद देवासारखा जपला होता आणि दरसाल सर्वांस प्रसाद म्हणून वाटीत. सर म्हणाले, "नाव बदला, फोटो बदला, बाकी कशालाही हात लावू नका. चाललेला माल आहे." त्या कागदात नेतृत्व होते, आणि संघभावना होती, आणि दडपणाखाली काम करण्याची तयारी होती, आणि छंदाच्या जागी गिर्यारोहण होते. त्या साली अवघा वर्ग कागदोपत्री डोंगर चढून गेला, आणि त्यातले निम्मे वीर दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनालयात पोचता पोचता धापा टाकीत होते. शाल्मलीबाईंनीही नाव बदलिले, फोटो बदलिला, आणि दोन वर्षांच्या जागेशी येऊन थांबल्या. एक डोळा कागदावर होता आणि एक चिन्मयीच्या तोंडाकडे, कारण कन्या मघापासून काही चघळीत होती, आणि बोट घालून पाहिले तो हेरंबरावांच्या सदऱ्याचे बटण निघाले.

मग घरात मसलत बसली. हेरंबराव म्हणाले, "त्या दोन वर्षांपुढे फ्रीलान्स लिही ना. सगळे लिहितात." बाई म्हणाल्या, "अहो, पण फ्रीलान्स काय?" हेरंबराव म्हणाले, "ते कुणी विचारत नसतं." सुलभाबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला आणि पुसिले, "यात उंची नाही लिहिलीस? माहेरचं आडनाव नाही?" बाई म्हणाल्या, "आई, हा लग्नाचा नाही, नोकरीचा आहे." आणि मग भीत भीत बोलिल्या, "मी म्हणते, डब्यांचं लिहू का? त्या दोन वर्षांत मी डब्यांचं काम केलंच होतं की." हे ऐकताच सुलभाबाईंची मर्जी फिरली. त्या म्हणाल्या, "खबरदार! पोटुशी सून, मग ओली बाळंतीण, आणि घरात डबे उपसत होती, असं छापून गावभर वाटणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. घरचं काम ते काम असतं का? ते घरचं असतं." शाल्मलीबाई म्हणाल्या, "पण आई, मी आपणहून..." सुलभाबाई म्हणाल्या, "आपणहून केलंस ते आपल्यापाशी ठेव. चिन्मयीच्या डोक्यावर हात ठेवून सांग, तिथे हा विषय काढणार नाहीस." बाईंनी कन्येच्या डोक्यावर हात ठेविला, आणि त्याच हाताने कपाळ गरम तर लागत नाही ना तेही पाहून घेतिले, आणि कागदावर फ्रीलान्स ऐसे लिहून तो छापून आणिला.

नेमल्या दिवशी स्वारी निघाली. चिन्मयीस खोकला होता आणि ती आईस सोडीना, म्हणून सुलभाबाई दुपारचे डबे हेरंबरावांच्या हवाली करून खाशा रिक्षात बसल्या, आणि बरोबर दुपटे, गरम पाण्याची बाटली, खोकल्याचे औषध आणि मऊ भात ऐसा सरंजाम घेतिला. भांडारात पोचल्यावर शाल्मलीबाई आत गेल्या आणि आजी-नात बाहेरच्या बाकावर बसल्या. आत भांडारप्रमुख नाडकर्णीबाई होत्या. त्यांनी कागद हाती घेतिला, वरून खाली नजर फिरविली आणि म्हणाल्या, "गिर्यारोहण. सकाळपासून जो येतोय तो डोंगरावरूनच उतरतोय." मग पुढे पेन ठेविले आणि आज्ञा केली जे, "यातलं तू स्वतः जे केलेलं नाहीस ते खोड. माझा चहा होईपर्यंत वेळ आहे."

शाल्मलीबाईंनी पेन उचलिले. त्यांनी प्रथम गिर्यारोहण खोडिले, आणि मग नेतृत्व खोडिले, आणि संघभावना खोडिली, आणि फ्रीलान्स तर दोनदा खोडिले, आणि दडपणाखाली काम करण्याची तयारी येथे पेन आले तोच दाराबाहेर चिन्मयी खोकलली, म्हणून तेवढे राहू दिले. नाडकर्णीबाईंनी कागद उचलिला. नाव, पत्ता, गुण आणि दडपण एवढेच उरले होते. त्या म्हणाल्या, "बरं. ही दोन वर्षं काय केलंस?" बाई म्हणाल्या, "मुलगी झाली." त्या म्हणाल्या, "ती ऐकू येतेय. आणखी?" शाल्मलीबाईंच्या जिभेवर सगळे आले होते, पण तळव्याखाली कन्येचे मऊ केस अजून जाणवत होते, आणि शपथ मोडली तर खोकला वाढेल ऐसे, स्वतः शिकल्या-सवरल्या असूनही, त्यांच्या मनाने घेतिले. त्या म्हणाल्या, "घरीच होते." नाडकर्णीबाई म्हणाल्या, "म्हणजे रिकामी." आणि कागद बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवू लागल्या.

दार अर्धे उघडे होते. ते पूर्ण उघडले, आणि कडेवर चिन्मयी आणि खांद्यावर दुपटे ऐशा सुलभाबाई आत आल्या. म्हणाल्या, "रिकामी कोण? अहो बाई, आमच्या घरात मांजरसुद्धा रिकामं बसत नाही!" शाल्मलीबाई पुटपुटल्या, "आई, तुम्हीच शपथ..." सुलभाबाई म्हणाल्या, "शपथ तुला घातली होती, मला नाही. तू गप्प बस." आणि मग उभ्यानेच सांगू लागल्या जे, "माझा डब्यांचा कारखाना आहे. आमच्याकडे पद्धत अशी की सगळ्यात जुनं गिऱ्हाईक त्याचा डबा पहिला. मानाचा प्रश्न. पहिले परचुरेकाका नदीच्या अलीकडे, दुसरे नदीपलीकडे, तिसरे पुन्हा अलीकडे. डबेवाला दुपारभर पुलावरून येरझाऱ्या घालायचा, आणि शेवटच्याच्या वरणावर साय धरायची. हिनं पोर मांडीवर घेऊन सगळे डबे गल्लीप्रमाणे लावले. अजूनही वर्गाला जाण्याआधी रोज हीच लावते, म्हणून सगळ्यांना ऊन ऊन मिळतं. आणि तुम्ही हिला रिकामी म्हणता?" नाडकर्णीबाईंनी कागद गठ्ठ्यावरून परत उचलिला आणि शाल्मलीबाईंस पुसिले, "मग ते परचुरेकाका रुसले नाहीत?" बाई म्हणाल्या, "रुसले ना. डबा परत धाडला. मग मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, डबा आता मागाहून येईल, पण गरम येईल. आणि चव कशी आहे ते रोज तुम्ही कळवायचं, तुमच्या शब्दावर आम्ही उद्याचं ठरवू. तेव्हा खुलले. आता रोज कळवतात, मीठ कमी आहे म्हणून." नाडकर्णीबाई म्हणाल्या, "आणि असतं का कमी?" सुलभाबाई म्हणाल्या, "मुळीच नाही."

नाडकर्णीबाईंनी भिंतीवरल्या नकाशाकडे बोट केले आणि म्हणाल्या, "आमच्या गाड्याही अशाच जातात. जो दवाखाना जुना त्याला आधी. घाटातला सगळ्यात नवा, तिथल्या माणसाचा ताप उतरतो आणि मग आमचं औषध पोचतं. आणि जुन्या दवाखान्यांचे डॉक्टर तुझ्या परचुरेकाकांपेक्षा जास्त रुसतात." मग पेन परत पुढे केले, "त्या मोकळ्या जागेत लिही. तू काय बदललंस, त्यानं काय झालं. विशेषणं नकोत." शाल्मलीबाईंनी लिहिले जे, घरच्या डब्यांच्या व्यवसायात पोचवण्याचा क्रम गल्लीप्रमाणे बदलला, जेवण गरम पोचू लागले, एकही जुने गिऱ्हाईक सुटले नाही. लिहून जाहले तेव्हा नाडकर्णीबाई सुलभाबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी हिला ठेवून घेते. पण मग तुमचे डबे उद्यापासून कोण लावणार?"

हा प्रश्न सुलभाबाईंच्या ध्यानी आला नव्हता. त्यांनी दुपट्याची घडी मोडिली, आणि पुन्हा घातली, आणि चिन्मयीचे नाक पुसिले, जे आधीच पुसलेले होते. शाल्मलीबाई त्यांच्या मुखाकडे पाहत राहिल्या आणि त्यांस भिंतीवरली फ्रेम, काचेसह, दिसू लागली. मग सुलभाबाईंनी पदर सावरिला आणि म्हणाल्या, "ते आमच्या घरातलं आहे. तुम्ही तुमचं बघा. आणि हिला दुपारी वेळेवर जेवायला सोडत जा, नाहीतर हिचं पित्त खवळतं."

येणेकरून शाल्मलीबाई भांडारात रुजू जाहल्या आणि घाटातल्या दवाखान्यात माणसास ताप असतानाच औषध पोचू लागले. इकडे डबे उशिरा जाऊ लागले, आणि गिऱ्हाइके दारी येऊन बोभाटा करू लागली. त्यांस सुलभाबाई उंबऱ्यात उभ्या राहून सांगत, "माझी सून नोकरीला लागलीय. आमटी उशिराच येणार." तात्पर्य, राज्यात औषध वेळेवर पोचले, आमटी पोचली नाही, आणि दोहोंचे कारण पुसले असता सुलभाबाईंनी शाल्मलीबाईंचेच नाव मोठ्याने सांगितले. जाहले तैसे लिहिले, मीठमसाला घातला नाही.